बिलात न उमटलेलं गिऱ्हाईक

ताई, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्याला आमचं दुकान आहे. बाबांनी १९८५ साली सुरू केलं. उकडीचे मोदक, पुरणपोळी, श्रीखंड, दिवाळीत फराळ. चार वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला कासारवडवलीत दुसरं दुकान काढलं, ते मी बघते. त्याआधी मी ऐरोलीला आयटी कंपनीत होते. जानेवारी २०२४ पासून दोन्हीकडे कॉम्प्युटरवर बिलं होतात. मला फोनवर दर तासाची विक्री दिसते आणि मी ती बघतेही.

गेल्या महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला होता. त्यांचं एआय आमची बिलं वाचून रोज सकाळी सांगणार, कुठला पदार्थ किती करायचा. वर्षाला १,८०,००० रुपये. शिवाय प्रत्येक गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबर घ्यायला सुरुवात करा, म्हणाला. त्याने आमचेच आकडे घालून मार्चचा अंदाज दाखवला. बाबांनी दोन मिनिटं स्क्रीन पाहिली आणि विचारलं, “यंदा पाडवा कधी आहे, ते याला ठाऊक आहे का?” तो हसला. “काका, सिस्टिम आपोआप शिकते.” मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले, “बाबा, आता अंदाजावर धंदा चालत नाही.” ते उठून आत भटारखान्यात गेले. तेव्हापासून कामापुरतंच बोलतात.

संकष्टीला नौपाड्यात मोदक कमी पडतात, कासारवडवलीत उरतात. हे किती वर्षं चालवायचं? मोठ्या कंपन्या डेटा बघून निर्णय घेतात, मग आम्ही का नाही? माळ्यावर बाबांच्या चाळीस वर्षांच्या वह्यांचे गठ्ठे आहेत. ते रद्दीत देऊन जागा करू म्हटलं, तर त्यालाही नकार. त्यांना पटवू कसं?

– गौरी (नाव बदललं आहे), ठाणे

*

गौरी,

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी बाबांनी विचारलेला प्रश्न घेऊ, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तू ती ओझरती सांगून पुढे गेलीस.

२०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. २०२५ मध्ये ३० मार्चला. यंदा, २०२६ मध्ये, तो १९ मार्चला आहे. तुमच्या मशीनमध्ये मागची हीच दोन वर्षं आहेत आणि बिलावर तारीख छापली जाते, तिथी नाही. त्या सिस्टिमला कोणी पंचांग दिलं नसेल, तर तिच्या लेखी मार्चमध्ये श्रीखंडाला उठाव ३० तारखेला. म्हणजे पाडवा उलटून अकरा दिवस झाल्यावर तुमच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचे डबे रचलेले असणार. आणि खऱ्या पाडव्याला, कौपिनेश्वराची शोभायात्रा बघून नौपाड्यात परतणारी माणसं तुमच्या काउंटरवरून हात हलवत घरी जाणार. त्या दिवशी परत गेलेलं गिऱ्हाईक ३० तारखेला श्रीखंड न्यायला येत नाही.

“सिस्टिम आपोआप शिकते” हे खरं आहे, पण ती शिकते तिच्यासमोर ठेवलेल्या आकड्यांतून. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये सणांचा तक्ता घालता येतो. तो कोणी घालायचा, एवढाच प्रश्न असतो, आणि बाबांनी नेमकं तेच विचारलं. असा प्रश्न विचारणारी माणसं मोठ्या कंपन्या पगार देऊन ठेवतात. मी त्यांतलीच एक होते. किरकोळ विक्रीच्या एका साखळीच्या तुर्भ्याच्या ऑफिसात मी बावीस वर्षं हेच काम केलं: कुठल्या दुकानात कुठला माल किती पाठवायचा. त्यातला एक प्रसंग तुला सांगायलाच हवा.

आषाढी एकादशीच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. रिपोर्टमध्ये नेरुळच्या दुकानात भगरीची विक्री आठ आठवडे शून्य दिसत होती आणि शिल्लक ३६ पाकिटं. मी शेरा मारला: उठाव नाही, यादीतून काढा. दोन दिवसांनी त्या दुकानातल्या साफसफाईच्या मावशींचा फोन आला. “मॅडम, भगर कधी पाठवताय? रोज चार जणी विचारून जातात.” मी तडक नेरुळला गेले. फळीवर भगरीच्या दराची पट्टी होती आणि तिच्यावर रिकामी जागा. ती ३६ पाकिटं मागच्या गोदामात धुण्याच्या पावडरीच्या खोक्यांमागे पडली होती, उंदरांनी कुरतडलेली, भगर लादीवर सांडलेली. ती कोणी हिशेबातून काढलीच नव्हती. शिल्लक दिसते म्हणून सिस्टिम नवा माल मागवत नव्हती. माल नाही म्हणून विक्री शून्य. आणि विक्री शून्य म्हणून मी, ऑफिसात बसून, ठरवलं की नेरुळमध्ये कोणी उपास करत नाही. आमच्याकडे याला फँटम स्टॉक म्हणत: कागदावर आहे, फळीवर नाही. त्या वर्षी भगर वेळेत पोचली ती त्या मावशींमुळे. त्यानंतर विक्री शून्य दिसली की मी आधी दुकानात फोन करायला लागले.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण तुझ्या मोदकांचं दुखणं याच जातीचं आहे. मशीनला विक्री दिसते, मागणी दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात अब्राहम वाल्ड होता. लढाईवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त आहेत त्याची मोजदाद व्हायची आणि तिथे चिलखती पत्रा लावावा असं कोणालाही वाटलं असतं. वाल्डने जी विमानं परतलीच नाहीत त्यांचा हिशेब मांडला. परतलेल्या विमानांवर जिथे भोकं कमी दिसतात, तिथे गोळी लागलेलं विमान घरी पोचत नाही, म्हणून जपायची ती जागा. तुझ्या दुकानात न परतलेलं विमान म्हणजे “संपले” ऐकून निघून गेलेला माणूस.

आता नौपाड्याची एक संकष्टी डोळ्यांसमोर आण. समजुतीसाठी आकडे मी धरते, तुझे तू घाल. ३६० मोदक केले, ३६० विकले. मशीन म्हणणार, मागणी ३६०. पण शेवटच्या मोदकाचं बिल किती वाजता झालं? ही वेळ तुझ्या मशीनमध्ये आहे, आजच काढता येईल. समज, संध्याकाळी सहाला. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, रात्री नऊच्या आगेमागे. नैवेद्याचे मोदक न्यायचे ते ऑफिसवरून येताना, गरम हवेत म्हणून शक्य तितक्या उशिरा. साडेसातला ठाणे स्टेशनला उतरलेली बाई गर्दीतून वाट काढत तुमच्याकडे येते, रिकामं मोदकपात्र बघते आणि निघून जाते. तिचं बिल फाटत नाही. म्हणजे मशीनच्या लेखी ती आलीच नाही.

अशा किती जणी होत्या, हे बऱ्यापैकी काढता येतं. ज्या संकष्टींना नौपाड्यात मोदक रात्रीपर्यंत पुरले, त्या शोध. थोड्या असतील, पण असतील. त्या दिवशी सहापर्यंत दिवसाच्या विक्रीतला किती हिस्सा गेला होता? निम्मा म्हणू. मग ज्या दिवशी सहालाच ३६० संपले, त्या दिवशी खरी मागणी ७२० च्या घरात होती. पाऊस, वार, अंगारकी या सगळ्यांनी हा आकडा हलेल. तरीही ३६० पेक्षा तो सत्याच्या जवळ आहे. तुला विकायला आणलेल्या अंदाजात हा हिशेब धरलाय का, ते त्या माणसाला विचार. धरला नसेल, तर तो एआय तुला दर संकष्टीला ३६० मोदक करायला सांगेल, तू ३६० करशील, ३६० विकले जातील आणि त्याचा अंदाज दर वेळी तंतोतंत बरोबर ठरेल.

मग ७२० करायचे का? लगेच नाही. नाशवंत मालात चूक दोन प्रकारची असते आणि दोन्हींची किंमत वेगळी असते. मोदक ३५ रुपयांना जातो आणि सामान, गॅस, मजुरी धरून २० ला पडतो असं धर. उरला तर २० बुडाले. कमी पडला तर १५ चा नफा गेला. या १५ ला १५ अधिक २० ने, म्हणजे ३५ ने भागायचं: साधारण ४३ टक्के. आता मागच्या २४ संकष्टींची खरी मागणी, विक्री नव्हे, चढत्या क्रमाने एका ओळीत लिही. ४३ टक्के म्हणजे त्या ओळीतला अकरावा आकडा. तेवढे मोदक करावेत, असं हे गणित सांगतं. वर्तमानपत्रवाल्याने सकाळी किती पेपर उचलावेत, हे याच हिशेबाने शिकवतात.

पण इथे थांबू नकोस. मोदकाला आलेलं गिऱ्हाईक नुसते मोदक नेत नाही. तुझी बिलं उघडून बघ: मोदकांच्या बिलावर आणखी काय असतं? साबुदाणा वडा, श्रीखंड, फराळी चिवडा. समज, एक गिऱ्हाईक सरासरी पाच मोदक नेतं आणि बाकीच्या मालावर ७५ रुपये सुटतात. म्हणजे मोदकामागे आणखी १५. कमी पडण्याची किंमत १५ ची ३० झाली. ३० भागिले ५० म्हणजे ६० टक्के, आणि ओळीतला आकडा अकरावा न राहता पंधरावा. दोन-तीनदा “संपले” ऐकलेला माणूस पुढच्या संकष्टीला दुसरीकडे वळतो, ते अजून धरलेलंच नाही. बाबा “चार उरले तरी चालतील, गिऱ्हाईक परत जाता कामा नये” असं म्हणत असतील, बहुतेक जुने दुकानदार म्हणतात, तर ते याच हिशेबाने बोलत आहेत. त्यांनी तो कधी कागदावर मांडला नाही, एवढंच.

कासारवडवलीचं गणित उलटं आहे, पण त्याला लांबण लावत नाही. तिथली माणसं ठरवून, फोन करून मागवणारी. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर नोंदणी घे आणि नोंदणी अधिक थोडे, एवढेच पाठव. एका संकष्टीला नोंदणीने, पुढच्या संकष्टीला नेहमीसारखं, असं आलटून पालटून सहा महिने कर आणि उरलेले मोदक मोजत जा. कंपन्या ज्याला ए-बी चाचणी म्हणतात ती हीच. फक्त नौपाड्याची कासारवडवलीशी तुलना करू नकोस. ती दोन वेगळी गावं आहेत. आणि दोन्ही दुकानांची सरासरी कधीही काढू नकोस. तो आकडा दोन्हीकडे चुकीचाच असतो.

मोठ्या कंपन्यांचं विचारलंस. त्यांतली एक मला फार जवळची वाटते, कारण तिचं दुकान तुमच्याएवढंच असतं. सेव्हन-इलेव्हनचं जपानमधलं पहिलं दुकान १९७४ मध्ये टोकियोत सुरू झालं. लहान जागा, मागे गोदाम नसल्यातच जमा, ताजा डबा आणि भाताचे गोळे विकायचे. १९८२ पासून त्यांनी प्रत्येक दुकानात काउंटरवर विक्री नोंदवणारी यंत्रं बसवली. काउंटरवरचा माणूस गिऱ्हाईकाचं अंदाजे वय आणि स्त्री की पुरुष, याचंही बटण दाबायचा. म्हणजे डेटाच्या बाबतीत ते आपल्या कितीतरी पुढे. पण उद्या किती माल मागवायचा, हे वर्षानुवर्षं त्या यंत्रावर सोडलं नाही. ते काम दुकानातल्या माणसांचं, त्यांत अर्धवेळ काम करणाऱ्या बायका आणि कॉलेजची मुलंही आली. उद्याचं हवामान काय, जवळच्या शाळेत खेळांचा दिवस आहे का, ते बघायचं. त्यावरून आपला कयास आधी ठरवायचा, मग ऑर्डर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी यंत्रातले आकडे काढून आपला कयास बरोबर आला का ते तपासायचं. रोज, एकेका वस्तूसाठी. ते याला टानपिन कानरी म्हणतात, एकेका वस्तूचा सांभाळ.

यातला क्रम बघ. आधी माणसाचा कयास, मग यंत्राकडून पडताळा. तुझ्याकडे आलेला माणूस हाच क्रम उलटा विकतोय: यंत्र सांगणार, माणसं करणार. मग मोदक वळणाऱ्या बायका, काउंटरवरचा मुलगा आणि बाबा यांना दुसऱ्या दिवशी शिकायला काहीच उरत नाही, कारण चूक त्यांची नसतेच. तुमच्याकडे पारी करणाऱ्या बायकांना तू कधी विचारलंस का, की यंदाच्या श्रावणात किती जातील? विचार. त्या रोज हातांनी मोजतात.

आता माळ्यावरच्या वह्या. त्या रद्दीत देऊ नकोस, हे मी कळकळीने सांगते.

यंदा अधिक महिना आहे. अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारसे द्यायची पद्धत तुझ्या नौपाड्यातल्या घराघरांत आहे आणि आता ते घरी करणाऱ्या सासवा कमी झाल्या आहेत. ते अनारसे तुमच्याकडूनच जाणार. तुझ्या मशीनमध्ये २०२४ आणि २०२५ ही वर्षं आहेत आणि त्या दोन्हींत अधिक महिना नाही. म्हणजे मेमध्ये तुझं एआय अनारशांबद्दल काय सांगेल? काहीच नाही. गेल्या मेमध्ये कोणी अनारसे घेतले नव्हते, तेव्हा याही मेमध्ये घेणार नाही. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, मग वाळवणं, कुटणं, गूळ घालून पीठ मुरवणं. गिऱ्हाईक दारात आल्यावर ठरवण्याचा हा पदार्थ नाही.

बाबांच्या वह्यांत मात्र अधिक महिने आहेत. २०२३ चा अधिक श्रावण आहे. २०२० चा अधिक आश्विन आहे, पण तो कोविडचा, तो सोडून दे. २०१८ मध्ये यंदासारखाच अधिक ज्येष्ठ होता, तोही मे-जूनमध्येच. २००७ मध्येही. मी तुमच्या वह्या पाहिलेल्या नाहीत, पण जुन्या दुकानदारांचे रोजमेळ पुष्कळ पाहिले आहेत. आकड्यांच्या बाजूला समासात काहीतरी खरडलेलं असतं: पाऊस, गाड्या बंद, एवढे उरले, अमक्याची मोठी ऑर्डर. बिलाच्या मशीनमध्ये त्या समासाला जागा नाही. तुझ्या धंद्यात जो डेटा दुसऱ्या कोणाकडे नाही, जो विकत मिळत नाही, तो त्या समासात आहे. आणि जो तिथेही नाही, तो ६५-७० वर्षांच्या एका माणसाच्या डोक्यात आहे.

एक साधी वही घाल, किंवा एक्सेल उघड. रोजच्या तारखेसमोर तिथी, पाऊस होता का, कुठला पदार्थ किती वाजता संपला, “आहे का?” विचारून किती जण परत गेले. शेवटच्या रकान्यासाठी काउंटरवर एक कागद ठेव आणि मुलाला सांग, नाही म्हणावं लागलं की एक रेघ मार. दिवसाला दोन मिनिटांचं काम. त्यासोबत बाबांच्या २०१८ आणि २०२३ च्या वह्यांतले सणाचे दिवस उतरवून काढ. तीन-चार रविवार लागतील. बाबांना शेजारी बसवून उतरव, कारण समासातलं अक्षर त्यांनाच लागेल.

दर तासाला फोन बघणं बंद कर, अशी विनंती आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसाने कारखान्यासाठी एक आलेख काढला आणि दाखवलं की चढउतार दोन प्रकारचे असतात: एक रोजचा, खास कारण नसलेला, आणि एक काहीतरी खरंच बिघडल्याचा. पहिल्याला दुसरा समजून दर वेळी हात घातला की काम सुधारण्याऐवजी बिघडतं. दुपारी तीनला कासारवडवलीची विक्री कालपेक्षा ९०० रुपयांनी कमी दिसली म्हणून तू फोन केलास, तर तिथल्या मुलाकडे सांगण्यासारखं काही नसतं. तो काहीतरी कारण जुळवून सांगतो आणि तू त्यावर निर्णय घेतेस. आठवड्यातून एकदा, एका ठरलेल्या वेळी बघ.

सॉफ्टवेअरकडे येते. माझा त्याला विरोध नाही. मात्र पैसे देण्याआधी त्याची परीक्षा घे. त्या कंपनीला सप्टेंबर २०२५ पर्यंतचीच बिलं दे, पुढची झाकून ठेव, आणि दिवाळीच्या फराळाचा दिवसागणिक अंदाज मागव. २०२४ ची दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर होती, २०२५ ची दहा-बारा दिवस आधी आली. ते त्याला पेललं का, लगेच कळेल. नुसता आपणहून “२०२४ च्या दिवाळीइतकंच” असा अंदाज धरला असता तर किती चुकलं असतं, तेही शेजारी लिही. सॉफ्टवेअर त्याहून फारसं बरं नसेल, तर १,८०,००० कशाचे? बाबांना मागची दिवाळी आठवते, त्यामुळे त्यांची परीक्षा पुढच्या आठ आठवड्यांची घे. दर सोमवारी त्यांनी त्या आठवड्याच्या अंदाजाची एक चिठ्ठी लिहायची, कंपनीने एक आकडा द्यायचा, दोन्ही पाकिटात बंद. माझा होरा असा आहे की साध्या दिवशी, चकली-चिवड्यासारख्या रोजच्या मालात मशीन जिंकेल आणि सणाला बाबा. तसं झालं तर काम वाटून दे. आणि सोडायची वेळ आली तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल, हे करारात लिहून घे.

कंपनी मोठी आहे, डेटा भरपूर आहे, म्हणून ती चुकत नाही असं समजू नकोस. अमेरिकेत घरखरेदीची वेबसाइट चालवणाऱ्या झिलो कंपनीइतका घरांच्या किमतींचा डेटा फार थोड्यांकडे होता. त्यांनी त्या अंदाजांच्या बळावर स्वतः घरं विकत घ्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद केल्याचं जाहीर केलं. जवळपास चौथाई नोकरवर्ग कमी झाला. किमती पुढच्या काही महिन्यांत कशा हलतील, हे त्यांना पुरेसं ओळखता आलं नव्हतं.

मोबाइल नंबरांबद्दल थोडक्यात. मोदक विकताना नंबराची सक्ती करू नकोस. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना तसं बजावलं आहे आणि त्याच वर्षी वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. ज्यांना संकष्टीची नोंदणी करायची आहे त्यांचा, त्या कामापुरता, विचारून घे. तो सॉफ्टवेअरवाल्याला देऊ नकोस. तुमच्याकडे चाळीस वर्षं येणाऱ्या माणसांनी तो विश्वासाने तुम्हाला दिलेला असतो.

राहिले बाबा. तू विचारलंस, त्यांना पटवू कसं. मला पत्रात कुठेही दिसलं नाही की त्यांना यंत्राचं वावडं आहे. बिलांचं मशीन त्यांच्या दुकानात त्यांच्या संमतीशिवाय आलं नसणार. त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळालं नाही, परका माणूस हसला आणि आपल्या लेकीने त्याची बाजू घेतली. दुखलं ते तिथे. तू म्हणालीस, अंदाजावर धंदा चालत नाही. गौरी, धंदा अंदाजावरच चालतो. तुमचा, माझ्या कंपनीचा, जपानमधल्या त्या दुकानांचा. ते वाक्य मागे घे. ज्यांच्यासमोर बोललीस, काउंटरवरच्या मुलासमोर आणि मोदक वळणाऱ्या बायकांसमोर, त्यांच्यासमोरच घे. तुला जड जाईल. तरी घे.

आणि मग माळ्यावर चढून २०१८ चा गठ्ठा खाली काढ. मे महिन्याचं पान उघड आणि त्यांना विचार, त्या धोंड्याच्या महिन्यात अनारशाचं पीठ किती किलोचं केलं होतं आणि कधी कमी पडलं. ते काय सांगतात, मला नक्की कळव.